परतीचे टपाल : पाचोऱ्याहून पाहिलेले दूरशिक्षण

पाचोरा हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. मार्च २०२० पर्यंत या स्थानकाच्या एका अंगाला अरुंद रुळांवरची एक छोटी गाडी उभी असे. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत ती सुमारे ५६ किलोमीटरवरच्या जामनेरला जाई. लोक तिला नुसते 'पी. जे.' म्हणत. बाजाराला निघालेली माणसे, दुधाचे कॅन, कापडाची गाठोडी यांच्या जोडीने तिच्यातून महाविद्यालयात जाणारी मुलेमुलीही येत. मुख्य मार्गावर कजगाव, नगरदेवळा, म्हसावद, शिरसोली या स्थानकांवर हेच दृश्य अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते; मासिक पासावर रोज जाणाऱ्या-येणाऱ्या या मंडळींना इकडे 'अप-डाऊनवाले' म्हणतात. खानदेशातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थांची, देणगीदारांची आणि कुलगुरूंची नावे येतात. आगगाडीच्या पासाचा उल्लेख मात्र कोणी करीत नाही. वास्तविक कित्येक घरांत पहिला पदवीधर झाला तो त्या पासामुळे.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या, तशी पी. जे. ही थांबली. आणि थोड्याच दिवसांत विद्यापीठीय अध्यापन मोबाईलच्या पडद्यावर गेले. त्या वर्षी जो तो म्हणत होता की, शिक्षणात एकदम नवे युग आले. आम्ही या परिसरात मराठी शिकवणारी माणसे. आम्हांला त्या म्हणण्याचे नवल वाटले. दुरून शिकवण्याची साधने या भागात दोन पिढ्यांपासून येत आहेत. टपाल आले, दूरदर्शन आले, उपग्रह आला, संगणक आला. प्रत्येक वेळी एकच प्रश्न हिरिरीने विचारला गेला : शिकवणाऱ्याचा आवाज किती दूरवर पोचतो? दुसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला, तो असा की, दूर बसलेल्या विद्यार्थ्याने जे लिहिले ते परत कोणाकडे जाते, आणि ते वाचून कोणी त्याला उलट काही लिहितो की नाही. आमच्या मते या साधनांचा खरा इतिहास दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. तो येथे थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

१९४५ साली जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप ही महाविद्यालये निघाली. त्याआधी पदवी घ्यायची तर गाव सोडणे भाग होते. पुढे महाविद्यालये वाढली तरी गाव सोडण्याची ती रीत पुष्कळ काळ टिकली. नेमाड्यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला जातो, ही गोष्ट आपण अस्तित्ववाद वगैरे चर्चेत इतकी मुरवून टाकली आहे की तिच्यामागचा साधा भूगोल विसरलो आहोत. शिकायचे तर पुण्याला, हा तो भूगोल. ज्यांना जाणे जमले नाही त्यांचीही एक परंपरा आहे. ना. धों. महानोर शेंदुर्णीला, म्हणजे पी. जे. च्याच वाटेवरच्या गावी, शाळेत शिकले. जळगावच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षापुढे गेले नाहीत आणि पळसखेड्याला शेतीकडे परतले. त्यांच्या कवितेचे त्याने काही बिघडले नाही हे खरे. परंतु असे परतलेले सगळेच महानोर नव्हते.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि खानदेशातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. पुढची चाळीसेक वर्षे आमच्याकडच्या उत्तरपत्रिका पुण्याच्या व्यवस्थेत तपासल्या जात होत्या. नोकरी वा शेती करून शिकणाऱ्यासाठी 'बहिःस्थ' विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसण्याची सोय होती. बहिःस्थ, म्हणजे बाहेर असलेला. विद्यापीठाने त्याच्याकडून शुल्क घ्यावे, वर्षाअखेर त्याची परीक्षा घ्यावी आणि मधल्या बारा महिन्यांत त्याच्याशी एक अक्षरही बोलू नये, अशी ती योजना. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने सत्तरच्या दशकाच्या आरंभी. तेथे निदान छापील टिपणे टपालाने येऊ लागली.

या संदर्भात अमळनेरची एक जुनी आठवण सांगण्याचा मोह होतो, जरी ती विद्यापीठाची नसून शाळेची आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाचे काम पाहत होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. छापखाना नाही, टपाल नाही. एक माणूस स्वतःच्या हाताने लिहितो आणि एका छपराखाली राहणारी मुले ते वाचतात. रोज भेटणाऱ्या मुलांसाठीही त्यांना लिहावेसे वाटले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. समोर बसून बोलणे पुरेसे असते तर त्या दैनिकाची गरजच नव्हती. अध्यापनात बोलण्याखेरीज लिहिण्याचा एक वेगळा व्यवहार असतो, हे त्या शिक्षकाने ओळखले होते.

दूरदर्शनचा अध्याय लवकर आटोपता येतो. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रही त्यासाठी कार्यक्रम तयार करी. चित्रण उत्तम, विषय रंजक, भाषा मुख्यतः इंग्रजी. लहान गावांतील महाविद्यालयांतला पदवीचा विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून ही योजना आखली होती; परंतु पाचोऱ्याच्या मुलाला समजेल अशा भाषेत त्याच्याशी बोलावे, हे तिच्या आखणीत ठळकपणे नव्हते. पडद्यावरच्या प्राध्यापकाला प्रश्न विचारता येत नव्हता, हे तर उघडच आहे. त्याच माध्यमाचा वेगळा वापर जगात अन्यत्र झालेला होता. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने जानेवारी १९७१ मध्ये बी. बी. सी. च्या मदतीने शिकवायला आरंभ केला. त्याची ख्याती झाली ती पहाटेच्या आणि रात्रीच्या प्रक्षेपणांमुळे. पण विद्यार्थ्यांना टिकवून धरले ते टपालाने जाणाऱ्या-येणाऱ्या स्वाध्यायांनी आणि त्यांवर तपशीलवार अभिप्राय लिहिणाऱ्या अर्धवेळ शिक्षकांनी. प्रक्षेपण सर्वांना दिसते, अभिप्राय एकालाच दिसतो. म्हणून इतिहासात प्रक्षेपण राहते.

आता ज्या घटनेपाशी आम्हांला थांबायचे आहे ती. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. तेरा-चौदा महिन्यांच्या अंतराने खानदेशाच्या वाट्याला दोन विद्यापीठे आली. एकाने पुण्याचे अंतर कमी केले, दुसऱ्याने वर्गाचे. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे १९७८ ते १९८४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, म्हणजे खानदेशातील महाविद्यालये तेव्हा त्यांच्याच अधिकारक्षेत्रात होती. दूरच्या विद्यार्थ्याला 'बहिःस्थ' ठेवणारी व्यवस्था त्यांनी आतून पाहिली होती. नव्या विद्यापीठात त्यांनी जे केले त्याकडे त्या अनुभवाचे उत्तर म्हणून पाहावे, असे आम्हांला वाटते.

मुक्त विद्यापीठाचे बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. रूपक सुंदर आहे, पण गंगा एकाच दिशेने वाहते, ही त्यातली अडचण. सुदैवाने विद्यापीठाची प्रत्यक्ष रचना या रूपकापेक्षा शहाणी होती. बारावी न झालेल्या प्रौढाला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीला प्रवेश घेता येई. चालू महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे काढली गेली. तेथे बहुधा रविवारी सत्रे होत, त्यांना 'संमंत्रण' हे नाव, आणि ती घेणाऱ्या प्राध्यापकाला 'संमंत्रक'. प्रारंभी हे शब्द ऐकून आम्ही हसलो होतो. परंतु शब्द घडवणाऱ्याने विचार केलेला दिसतो. व्याख्यान एकटा देतो; मंत्रणा करायला दोघे लागतात.

आणि पुस्तके. साहित्याच्या अभ्यासकांनी या पुस्तकांकडे गद्य म्हणून कधी पाहिले नाही. ही आमच्या समीक्षेतली एक मोठी उणीव होय. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, सारांश, पारिभाषिक शब्द, सरावासाठी स्वाध्याय, अधिक वाचनासाठी पुस्तके, असा ठरलेला साचा. साचा रुक्ष आहे, हे मान्य. पण त्या साच्याने मराठी प्राध्यापकाला एक गोष्ट करायला लावली, जी तो एरवी करीत नसे. वाचकाला 'तुम्ही' म्हणून संबोधायला लावले. तोवरची आमची पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके कोणाशी बोलत होती? परीक्षकाशी. 'सदर कवितेत कवीने' या थाटाच्या वाक्यातून विद्यार्थी तर नाहीच, कवीही दिसत नसे. मुक्त विद्यापीठाच्या लेखकाला मात्र दिवसभराचे काम संपवून रात्री पुस्तक उघडणारा, शेजारी विचारायला कोणी नसलेला एक माणूस समोर धरून लिहावे लागले. त्याचे कुठे अडेल, याचा अंदाज आधीच बांधावा लागला. सर्वांनाच ते जमले असे नाही. काही घटक म्हणजे जुनी व्याख्याने नव्या चौकटीत बसवलेली आहेत. पण जेथे जमले तेथे मराठी वैचारिक गद्याला पंडिती नसलेला आणि बाळबोधही नसलेला एक स्वर सापडला. अध्यापनाचे तंत्रज्ञान म्हणून काही म्हणायचे असेल तर आम्ही प्रथम या स्वराला म्हणू.

आमच्यापैकी काहींनी नव्वदच्या दशकात रविवारचे संमंत्रण केले आहे. वर्गात एस. टी. चे वाहक असत, अंगणवाडी सेविका असत, पोलीस शिपाई असत, लग्नामुळे बारावीला शिक्षण सुटलेल्या आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर परत आलेल्या बायका असत. सत्राला येणारे थोडे. स्वाध्याय पाठवणारे पुष्कळ. तपासणीचे मानधन नगण्य होते, त्यामुळे लाल शाईची एक बरोबर खूण करून गठ्ठा पुढे सारण्याची लाट होती, आणि आम्हीही कधीकधी तसे केले, हे कबूल करायला हवे. पण एकदा एका जामनेरकडच्या बाईंनी शब्दार्थाच्या प्रश्नाखाली लिहिले होते की, शेतीच्या एका अवजाराचा पुस्तकात दिलेला अर्थ चुकीचा आहे, आमच्या घरी ते अवजार आहे आणि त्याने दुसरेच काम करतात. सोबत पेन्सिलीने काढलेले चित्र होते. वाक्यरचना तावडी वळणाची, शुद्धलेखनाच्या चुका ओळीओळीला. त्या दिवशी समासात काय लिहावे, हे आम्हांला बराच वेळ सुचले नाही. शेवटी चुका न दाखवता फक्त विचारले : हे अवजार तुमच्या गावात आणखी कोणाकडे आहे, आणि त्याच्या भागांना काय म्हणतात? पुढच्या स्वाध्यायासोबत दोन पाने भरून उत्तर आले. पाठ्यपुस्तकाच्या गंगेतून हे पाणी उलट वाहत वर आले होते, आणि ते आले टपालाने.

येथे बहिणाबाईंची आठवण अटळ आहे. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बोलल्या ते सोपानदेवांनी आणि त्यांच्या एका मावसभावाने टिपून ठेवले. बाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. आपण या घटनेला काव्याचा चमत्कार म्हणतो. आम्ही तिच्याकडे ऐकण्याची एक घटना म्हणूनही पाहतो. घरातले कोणीतरी कागद घेऊन बसले नसते तर मराठी कवितेला त्याचा पत्ताही लागला नसता. ऑगस्ट २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले. निरक्षर कवयित्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठावर एक विशेष जबाबदारी येते, ती म्हणजे टिपून घेण्याची. नामांतराच्या वेळच्या भाषणांत तिचा उल्लेख आमच्या तरी कानी आला नाही.

संगणक आला तेव्हा परतीचे टपाल वेगवान होईल, अशी आशा होती. विद्यार्थी टंकलेखन करील, क्षणात पाठवील, आम्ही क्षणात उत्तर देऊ. प्रत्यक्षात दोन हजारच्या दशकाची पहिली काही वर्षे आमची अक्षरांशी झटापट करण्यात गेली. प्रत्येक कंपनीचा मराठी टंक वेगळा आणि त्याची अंतर्गत मांडणीही वेगळी. एका संगणकावर लिहिलेला निबंध दुसऱ्यावर उघडला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांगोळी. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेली साधने होती, प्रमाणीकरणाचे प्रयत्नही होते, पण ते तालुक्याच्या सायबर कॅफेपर्यंत उतरायला वेळ लागला. युनिकोड रुळल्यावरही 'ऱ्य'चा घोळ शिल्लक राहिलाच. आचाऱ्यास आणि आचार्यास या दोन शब्दांत मराठी माणूस फरक करतो. पुष्कळ टंक आणि कळफलक करीत नसत. आमच्या गावाच्या नावालाच त्याचा उपद्रव झाला : पाचोरा ठीक, पण 'पाचोऱ्याला' लिहायला जावे तर र वर उडून बसे. शुद्धलेखन शिकवणाऱ्याने कोणत्या तोंडाने गुण कापावेत? त्यात ग्रामीण महाराष्ट्रातले दीर्घ भारनियमन. संगणकाच्या तासाला वीज आणि विजेच्या तासाला शेतावरचा पंप, असा तो काळ होता.

याच सुमारास, २० सप्टेंबर २००४ रोजी, केवळ शिक्षणासाठी वाहिलेला एज्युसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. त्याआधी इन्सॅट-३बी या उपग्रहावर जे प्रायोगिक प्रकल्प झाले त्यांत कर्नाटक व मध्य प्रदेशातील एकेक तांत्रिक विद्यापीठ आणि तिसरे आमचे नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे असत. काही केंद्रांतून उलट प्रश्न विचारता येई. काही नुसती ग्रहण करणारी होती. तांत्रिक भाषेत हा खर्चाचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंनी बोलणारे यंत्र महाग, नुसते ऐकणारे स्वस्त. आम्हांला त्या विभागणीत आमच्या सगळ्या शिक्षणव्यवस्थेचे चित्र दिसते. २०१० साली तो उपग्रह निवृत्त झाला. अनेक ठिकाणी त्याच्या छत्र्या मात्र गच्चीवर तशाच राहिल्या.

मूडल या अध्ययन-प्रणालीचे नाव आज बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक असते, निदान नॅकच्या भेटीच्या वर्षी तरी. तिची पहिली आवृत्ती २००२ साली मार्टिन डुगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने प्रसिद्ध केली. त्याचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील एका दुर्गम वस्तीत गेले आणि त्याचे आरंभीचे शिक्षण रेडिओवरच्या शाळेतून झाले. ऑस्ट्रेलियात ही 'आकाशातली शाळा' १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथून सुरू झाली. उडत्या डॉक्टरांच्या सेवेसाठी वस्त्यावस्त्यांवर बसवलेले रेडिओ-संच तिने वापरले, आणि ते संच दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. शेकडो मैलांवरच्या मुलाला आपले नाव घेऊन उत्तर देता येई. अशा मुलाने मोठेपणी घडवलेल्या प्रणालीत व्याख्यान साठवण्याच्या जागेइतकीच विद्यार्थ्याने लिहिण्याची आणि शिक्षकाने त्यावर लिहिण्याची जागा मोठी आहे, यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते आमच्याकडच्या वापरात. जेथे जेथे आम्ही ही प्रणाली पाहिली तेथे बहुतेक ठिकाणी टिपणांच्या फायली चढवल्या होत्या. उत्तरांचा कप्पा रिकामा होता.

९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. तेथील अभ्यासक्रमांतून पदवीचे २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत दिली होती. २०२१ साली ती मर्यादा ४० टक्के झाली. नामवंत अध्यापक घरबसल्या ऐकायला मिळणे हा लाभच आहे. तो आम्ही नाकारीत नाही. भौतिकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्यामुळे आपल्या गावात नसलेला शिक्षक सापडला, असे आम्ही पाहिले आहे. पण हजारोंच्या वर्गात मूल्यमापन यंत्राने करावे लागते आणि यंत्राला बहुपर्यायी प्रश्न मानवतो. साहित्याचा विद्यार्थी तेथे कमी पडतो, कारण त्याचा विषय 'पुढीलपैकी कोणते' यात मावत नाही.

मग २०२० आले. मोबाईल घरात एक, भावंडे तीन. 'रेंज'साठी धाब्यावर किंवा शेताच्या बांधावर बसलेली मुले. हे सर्व वर्तमानपत्रांत येऊन गेले आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला नसता तर तेवढेही झाले नसते, हे मात्र नोंदवले पाहिजे. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी घाईने परीक्षा उभ्या केल्या, आणि पद्धत प्रामुख्याने बहुपर्यायी ठेवली. त्या परिस्थितीत दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न रास्त आहे. पण मराठी साहित्य घेऊन पदवीधर झालेल्या त्या तुकडीतील कित्येकांनी शेवटच्या परीक्षेत मराठीचे एक वाक्यही लिहिले नाही, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवायला हवी. गोल रंगवून किंवा बटण दाबून त्यांनी कवी ओळखले, कादंबऱ्यांची सालेही ओळखली. तसे पाहिले तर बहिःस्थ विद्यार्थ्यालाही वर्षातून एकदा का होईना, पाने भरून लिहावे लागत होते.

त्याच महिन्यांत आमच्याकडे दुसरेही काही घडत होते, जे कोणत्याही योजनेत नव्हते. व्हिडिओ चालत नसे, म्हणून आम्ही आवाजाचे छोटे तुकडे पाठवू लागलो : पाच-सात मिनिटांत एका कवितेविषयी. काही दिवसांनी उलट आवाज येऊ लागले. प्रश्न होते, तक्रारी होत्या, मागे कोंबड्यांचा कलकलाट होता. वर्गात तीन वर्षे तोंड न उघडलेल्या मुली बोलत होत्या, आणि त्या त्यांच्या घरच्या भाषेत बोलत होत्या. अहिराणी, तावडी, लेवा, जशी ज्याची. वर्गातल्या बाकावर बसल्यावर जी प्रमाणभाषा त्यांच्या गळ्याशी अडकत असे तिची येथे सक्ती वाटत नव्हती. आम्ही ते पुष्कळसे टिपून घेतले नाही. फोन भरले, तसे तुकडे पुसले गेले. बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात शिकवणाऱ्यांकडून हे घडले, आणि त्याचा दोष कुठल्याही यंत्रणेवर टाकता येत नाही.

टाळेबंदी उठल्यावर वर्ग भरू लागले, मुख्य मार्गावरचे अप-डाऊन पूर्ववत झाले. ऑनलाईनचा अवशेष म्हणून गट राहिले, त्यांवर सूचना आणि फायली फिरतात. अलीकडे त्यात एक भर पडली आहे. विचारलेल्या प्रश्नाचे सुबक मराठी उत्तर यंत्र लिहून देते आणि विद्यार्थी ते पुढे पाठवतो. त्यात शुद्धलेखनाची चूक नसते, तावडी वळण नसते, पेन्सिलीचे चित्र नसते. अशा उत्तराच्या समासात लिहायला आम्हांला काही सुचत नाही, कारण पलीकडे ते वाचणारा कोणी आहे याची खात्री वाटत नाही. काही सहकारी यावर उपाय म्हणून पुन्हा बहुपर्यायी प्रश्नांकडे वळले आहेत. उत्तरे यंत्र लिहिते, तपासते यंत्र. दोघांचे उत्तम चालते.

आम्ही सध्या एक जुनाट प्रकार करीत आहोत. आठवड्याला एक पान, हाताने, निळ्या किंवा काळ्या शाईने. त्याचे मोबाईलने छायाचित्र काढून पाठवायचे. विषय पाठ्यपुस्तकातला, पण अट अशी की त्यात घरातल्या एका तरी माणसाला विचारलेली गोष्ट हवी. आम्ही छायाचित्राची छापील प्रत काढतो, समासात लिहितो आणि तिचे छायाचित्र परत पाठवतो. वेळ फार जातो. साठ जणांच्या वर्गात एकाला हे पेलत नाही, तिघांनी वाटून घेतले तर कसेबसे जमते. कार्यभाराच्या तक्त्यात या कामाला रकाना नाही. मागच्या पावसाळ्यात वरखेडीकडच्या एका मुलाने आमचा शेरा लिहिलेले पान पुन्हा आमच्याकडेच पाठवले. आमच्या लाल ओळीखाली त्याने हिरव्या शाईने लिहिले होते की, आजीला वाचून दाखवले. ती म्हणते, सरांना सांग, असे नाही.